प्रश्न क्रमांक नऊ

परभणीत, वसमत रस्त्याला, मेडिकलच्या वर
अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, दोन पंखे,
एक खिडकी आणि तिच्या गजांवर वाळलेली लाल थुंकी.
मी तिथं फॉर्म घेऊन गेले होते.
वय अठरा ते तीस. हृदयविकाराविषयी जाणीव.
सव्वीस प्रश्न, पाठपोट.

पोरं हसली.
"हार्टचं काय इचारायलात मॅडम,
आमचं तर कवाच तुटलंय."
मीही हसले. हेच उत्तर सेलूत मिळालं होतं,
गंगाखेडला दोनदा.

मुंजाजी मात्र फॉर्म पुढ्यात ओढून बसला.
चोवीस पूर्ण. पोलीस भरती, तिसरा चान्स.
पहाटे साडेचारला विद्यापीठाच्या रस्त्यावर
सोळाशे मीटर, पाच मिनिटं चाळीस.
छाती त्यानं न विचारता सांगितली:
एकोणऐंशी, फुगवून पंच्याऐंशी.
टेपनं मोजतात. बाहेरून.

तंबाखू?
"तशी नाही. रात्री झोप येऊ नये म्हणून."
म्हणजे किती?
"एक पुडी." थोडं थांबून, "दोन."
झोप?
"परीक्षा झाल्यावर."
मीठ?
हा प्रश्नच त्याला कळला नाही.
मेसचं वरण पाणचट, म्हणून तो वर
लोणच्याचा खार ओततो, बाजूला ठेचा, पापड,
संध्याकाळी चौकात भजे आणि
तळून मीठ भुरभुरलेल्या मिरच्या.
सगळं कौतुकानं सांगत होता,
आणि मी "जास्त" या शब्दाला गोल केला.

मग नऊ नंबर.
घरात कुणाला हृदयविकार?
"नाही."
वडील?
"वडील नाहीत."
कशानं गेले?
"गॅस."
गॅस?
"हाव, पोटातला. जिनिंगवरून आले, म्हणले
छातीत जळजळ करायलंय. मी सोडा आणला.
अर्धी बाटली पिले. डावा हात दुखायलाय म्हणले,
तो मीच चोळून दिला. दहावीला होतो मी.
उरलेला सोडा दोन दिवस मोरीवर तसाच होता."
वय?
"त्रेचाळीस. एकदम ठणठणीत.
कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत."

फॉर्मवर तीन चौकोन.
होय. नाही. माहीत नाही.
मी पेन टेकवून बसले.
खाली मेडिकलात कुणीतरी
ॲसिडिटीची गोळी मागत होतं. सुट्टे नव्हते.

तो पेनाकडं बघत होता.
सामान्य विज्ञान तोंडपाठ असलेला पोरगा.
"चार कप्पे. वजन साधारण तीनशे ग्रॅम,"
कुणी विचारल्यासारखं म्हणाला.
मग हळूच,
"डावाच हात होता, मॅडम."

दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला.
एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
"मशीन गडबड करायलंय."
दुसऱ्या दंडाला बांधला. एकशे सेहेचाळीस.
दहा मिनिटं पंख्याखाली बसवलं, बोलायचं नाही.
एव्हाना हसणारी पोरं
पुस्तकात बोट घालून भोवती उभी होती,
आकडा कमी यावा म्हणून त्यांनीच श्वास धरलेला.

आला नाही कमी.

सरकारी दवाखान्याचा वार, वेळ, खोली लिहून दिली.
"हे भरतीत सांगावं लागतं का?"
आधी डॉक्टरला दाखव, म्हटलं. पळायचं ते त्यांना विचारून.
त्यानं चिठ्ठीची चौपदरी घडी केली,
चालू घडामोडींच्या पुस्तकात ठेवली.
नंतर पुस्तक उघडून ती आहे का, पाहिली.

रात्री खोलीवर सदुसष्ट फॉर्म मोजले.
नववा रकाना चाळत गेले:
नाही, नाही, नाही, झोपेत गेले, नाही,
उचकी लागून, नाही, चक्कर.

भावाला फोन लावला, अहमदपूरला.
शेषेरावकाका कशानं गेले रे?
"आता मधीच काय? उचकी लागली होती की."
कितीचे होते?
तो मोजायला लागला, लग्नाच्या सालापासून,
पोरांच्या वयावरून.
मी ऐकत राहिले.
शब्द जरा जड येत होते त्याचे,
ओठाखाली काहीतरी धरल्यासारखे.